सहव्यवसायींविषयी औदार्य आणि त्याची फेड

शाळेचा कार्यभार एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा दोन प्रकारचा ठेवा हातोहात द्यावा लागतो. पहिला ठेवा नोंदीचा. हजेरीपट, जनरल रजिस्टर, जडवस्तूंची नोंदवही, कपाटाच्या किल्ल्या ही सर्व यादीप्रमाणे मोजून दिली-घेतली जातात व खाली दोघांच्या सह्या होतात. दुसरा ठेवा कोणत्याच यादीत नसतो. ओढ्याला पाणी आले म्हणजे कोणत्या पाड्यावरची मुले येऊ शकत नाहीत, कोणती कुटुंबे हंगामात दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामास जातात, सुरगाणा-पेठकडील मुलांच्या कोकणा बोलीत पहिलीच्या पुस्तकातील वस्तूंना काय म्हणतात, कोणत्या पालकाशी बोलण्यापूर्वी त्याच्या वडील भावाची भेट घ्यावी लागते, ही माहिती आधीच्या शिक्षकाने आठ-दहा वर्षांत कष्टाने मिळविलेली असते. ती त्याने सांगितली तर नव्या शिक्षकाचे एक वर्ष वाचते. न सांगितली तर कोणत्याही नियमाचा भंग होत नाही.

नियमाने मागता न येणारे असे जे काही एक व्यवसायबंधू दुसऱ्यास देतो त्यास येथे औदार्य म्हटले आहे. पैशाची मदत हा त्याचा फार लहान भाग होय. स्वतः तयार केलेले तक्ते शेजारच्या शाळेस उतरवून घेऊ देणे, आजारी सोबत्याचा वर्ग आपल्या वर्गाशेजारी बसवून सांभाळणे, आपणास साधलेली वाचनाची रीत केंद्राच्या शिक्षण परिषदेत हातचे न राखता मांडणे, ही त्याची नित्याची रूपे. अशा देण्यातून देणाऱ्यास पुढे काय प्राप्त होते, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो व क्वचित तो उघड विचारलाही जातो. तो विचारण्यात हलकेपणा नाही. ज्यास तीस-पस्तीस वर्षे एकाच व्यवसायात काढावयाची आहेत व त्याच मिळकतीवर संसार चालवावयाचा आहे, त्याने आपल्या श्रमांचा हिशोब पाहिला तर त्यास दोष देता येणार नाही. मात्र त्याचे उत्तर सुभाषितांनी देऊन भागत नाही. त्यासाठी एखाद्या प्रत्यक्ष आयुष्याकडेच पाहिले पाहिजे. आणि असे एक आयुष्य नाशिक जिल्ह्यातच घडून गेले आहे.

धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण इत्यादी कला हस्तगत केल्या. पुढे छायाचित्रकार, पुरातत्त्व खात्यातील आरेखक, मुद्रक असे अनेक उद्योग त्यांनी केले. जादूचे प्रयोगही ते करीत व त्या वेळी ‘फाळके’ हे नाव उलटे फिरवून ‘प्रोफेसर केल्फा’ म्हणून रंगमंचावर येत. हा तपशील गंमतीचा वाटेल; पण तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जादूगाराचा सारा व्यवसाय गुपित राखण्यावर चालतो. गुपिताची किंमत ज्याला पुरेपूर ठाऊक होती अशा माणसाने पुढे आपल्या नव्या धंद्यातील गुपिते कशी वागविली, हे पाहणे बोधप्रद ठरते.

१९१० च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट त्यांनी पाहिला व आपल्या देशात असे चित्रपट निघाले पाहिजेत, या विचाराने त्यांस झपाटले. त्या वेळी ही विद्या शिकविणारी शाळा हिंदुस्थानात नव्हती. जीवनविम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. तेथे त्यांची कोणाशीही ओळख नव्हती. ‘बायोस्कोप’ नावाच्या व्यावसायिक साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते, एवढ्याच धाग्यावर ते त्या पत्राचे संपादक कॅबोर्न यांच्याकडे गेले. कॅबोर्न यांनी प्रथम त्यांस या धंद्याच्या अडचणी सांगून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण समोरच्या माणसाचा निश्चय ढळत नाही असे पाहून त्यांनी त्यांची सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी लंडननजीक वॉल्टन येथील आपल्या चित्रशाळेची सर्व दालने या परदेशी पाहुण्यास उघडी करून दिली व चित्रणाची कृती प्रत्यक्ष दाखविली. कोणते यंत्र घ्यावे हेही फाळके यांस तेथेच उमगले. दोन महिन्यांच्या आत ते विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ठरवून परत आले.

हेपवर्थ यांस यातून काय लाभणार होते? फाळके यांच्यापाशी भांडवल नव्हते, नाव नव्हते आणि पुन्हा भेट होण्याची शाश्वतीही नव्हती. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले, तेथे त्यांचे खेळ झाले व व्यावसायिक पत्रांनी त्यांची प्रशंसा केली. आपल्याकडे चार दिवस पाहून गेलेल्या माणसाने दोन वर्षांत एवढी मजल मारली, हे पाहण्याचे समाधान हेपवर्थ यांच्या वाट्यास आले असेल, एवढेच म्हणता येते. त्यांनी दिलेल्या देणग्याची खरी फेड त्यांच्याकडे गेलीच नाही. ती मुंबईत व नाशकात तिसऱ्याच माणसांच्या हाती पडली.

मायदेशी परतल्यावर पैसा पुरविणारा कोणी मिळेना, म्हणून फाळके यांनी वाटाण्याचे बी कुंडीत पेरले व महिनाभर त्याच्या वाढीची चित्रे थोडीथोडी घेऊन अंकुर डोळ्यांदेखत वेलीसारखा वाढताना दाखविणारी एक लहानशी चित्रफीत तयार केली. निसर्गाचा पाठ देणाऱ्या शिक्षकास आजही हेवा वाटावा अशी ही युक्ती होती. ती पाहून छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी प्रभृतींनी त्यांस कर्ज मिळण्यास साहाय्य केले. पुढचे काम आणखी अवघड होते. कारण कॅमेरा चालविणारा, अभिनय करणारा, फीत धुणारा असा जाणता माणूस मिळणे फार कठीण होते. फाळके यांनी आपले स्नेही त्र्यंबक तेलंग यांस स्वतः शिकवून कॅमेऱ्यावर उभे केले. स्त्रीभूमिकेस कोणी स्त्री तयार होईना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणास तारामतीची भूमिका दिली. हाच साळुंके पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिकांत दिसला व नंतर कॅमेराही चालवू लागला. उपाहारगृहातील नोकर ते छायालेखक हा त्याचा प्रवास केवळ त्याच्या गुणावर झाला नाही. शेजारी उभ्या असलेल्या जाणत्याने हातातले काम त्याच्या हाती दिले, म्हणून झाला.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. त्यानंतर फाळके यांनी आपले बिऱ्हाड व उद्योग नाशकास आणला. तेथे त्यांची कंपनी एकत्र कुटुंबासारखी चाले. सरस्वतीबाई फाळके यांच्या श्रमांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. ‘हरिश्चंद्रा’च्या वेळेपासूनच साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, रसायने कालविणे, रात्री दिव्याच्या उजेडात फितीला भोके पाडणे, उन्हात पांढरी चादर धरून तासन्‌तास उभे राहणे ही सर्व कामे त्यांनी केली. या श्रमांची मोजदाद कोणत्याही करारात नव्हती.

यापुढील गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. १९१७ मध्ये फाळके यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हे दाखविणारा एक लघुपट काढला; त्यात दिग्दर्शनापासून सर्व कृती प्रेक्षकांसमोर उघड केलेली होती. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेख लिहून आपल्या अडचणी व अनुभव यांचे कथन केले. प्रतिस्पर्धी अद्याप हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असताना असे करणे व्यापारी दृष्टीने शहाणपणाचे नव्हते, असे कोणीही म्हणेल. प्रोफेसर केल्फा यांना तर ते अधिकच कळत असले पाहिजे.

आता फाळके यांच्या लेखी व्यवहारांकडे पाहावे. मुद्रणालयात भागीदारांशी बिनसून ते बाहेर पडले. १९१८ मध्ये नाशकात भागीदारीने स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतही मतभेद झाले व ते काशीस निघून गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. कंपनीने पुन्हा बोलाविल्यावर ते परत आले; पण पूर्वीची घडी बसली नाही. पुढे बोलपट आला. ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ मध्ये कोल्हापुरात तयार झाला. त्यानंतर काम नाही, मिळकत नाही, वय सत्तरीकडे झुकलेले, अशी त्यांची अवस्था नाशकात झाली. ज्या ज्या ठिकाणी त्यांचा हक्क कागदावर लिहिलेला होता, तेथून वार्धक्यास पुरेल असे त्यांस काही मिळाले नाही.

१९३९ मध्ये भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव मुंबईत साजरा झाला. त्या प्रसंगी व्ही. शांताराम यांनी जमलेल्या निर्माते, दिग्दर्शक, नट व तंत्रज्ञ यांस आवाहन केले की, फाळके यांस घर बांधून देण्यासाठी प्रत्येकाने यथाशक्ती वर्गणी द्यावी. जमलेली रक्कम पुरेशी नव्हती. तेव्हा प्रभात फिल्म कंपनीने स्वतःची भर घालून ५,००० रुपयांची थैली फाळके यांस दिली. तीतून नाशिकच्या गोळे कॉलनीत त्यांचे घर झाले. त्यास फाळके यांनी ‘हिंद सिने जन्माश्रम’ असे नाव दिले. या नावात याचकाचा सूर नाही. आपले येणे वसूल झाले, अशा माणसाने ठेवावे तसे ते नाव आहे.

शांताराम हे फाळके यांचे शिष्य नव्हते. ते १९२० मध्ये कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले व १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल इत्यादी सहकाऱ्यांसह त्यांनी प्रभातची स्थापना केली. बाबूराव पेंटर यांनाही फाळके यांनी समोर बसवून शिकविले असे नव्हे. ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून त्यांस ओढ लागली व दामले यांच्या साहाय्याने त्यांनी स्वदेशी कॅमेरा घडविला. म्हणजे १९३९ मध्ये ज्या हातांनी थैली दिली ते हात फाळके यांच्यापासून दोन पिढ्यांच्या अंतरावर होते. तरीही फेड तेथूनच झाली. याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. फाळके यांनी आपली विद्या एका घरात कोंडून ठेवली असती, तर कदाचित काही वर्षे त्यांस अधिक नफा झाला असता. पण ज्यांच्याकडून वर्गणी गोळा करता येईल असे निर्माते, नट आणि तंत्रज्ञ १९३९ मध्ये त्या सभागृहात बसलेलेच नसते. सहव्यवसायीस दिलेले देणे त्या एका माणसापाशी थांबत नाही. ते व्यवसायात मिसळते, व्यवसाय वाढतो आणि पुढे केव्हातरी त्या वाढलेल्या व्यवसायातून, बहुधा अनोळखी हातांनी, काही परत येते.

तथापि या उदाहरणाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. फेड आली तेव्हा फाळके एकोणसत्तर वर्षांचे होते. घर मिळाले, पण काम मिळाले नाही. युद्धकाळातील निर्बंधांमुळे चित्रपट काढण्यास सरकारची परवानगी लागे. ती त्यांनी मागितली, पण मिळाली नाही, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला. त्याचा त्यांस काय उपयोग? विलंब हा देणाऱ्याच्या हिशोबातील दोष नव्हे. तो घेणाऱ्यांच्या स्मरणशक्तीतील दोष होय, आणि म्हणूनच तो दुरुस्त होण्यासारखा आहे.

साहित्याच्या क्षेत्रातील एक उदाहरण शिक्षकांस अधिक जवळचे वाटेल. वि. स. खांडेकर यांनी १९२० ते १९३८ पर्यंत कोकणातील शिरोडे या गावच्या शाळेत शिक्षकाचे काम केले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांस ते गुरुस्थानी मानीत. पुढे कादंबरीकार म्हणून नावलौकिक झाल्यावर, १९४२ मध्ये, नाशिकच्या वि. वा. शिरवाडकर उर्फ कुसुमाग्रज या तीस वर्षांच्या कवीचा ‘विशाखा’ हा संग्रह त्यांनी स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध केला व त्यास प्रस्तावनाही लिहिली. काव्यसंग्रहाच्या विक्रीतून खर्च भरून निघेल अशी आशा त्या काळी कोणी शहाणा माणूस करीत नसे. आजही करीत नाही. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांस मिळाला, तो मराठीस मिळालेला पहिला होता. दुसरा १९८७ चा, कुसुमाग्रजांस मिळाला. कुसुमाग्रजांनी आपले देणे कोणास परत केले असे पाहिले, तर नाशकातील लोकहितवादी मंडळ व इतर संस्थांकडे, नव्या नटांकडे आणि लेखकांकडे बोट दाखवावे लागते. येथेही फेड मागे न जाता पुढे गेली. २७ फेब्रुवारी या त्यांच्या जन्मदिनी सर्व शाळांतून मराठी भाषा गौरव दिन होतो. त्या दिवशी मुलांस ‘विशाखा’ची हकीकत सांगताना एका शाळामास्तराचे नाव घ्यावेच लागते.

औदार्याच्या नावाखाली चालणाऱ्या दोन गोष्टी मात्र वेगळ्या काढल्या पाहिजेत. सोबती रजेचा अर्ज न देता गैरहजर राहिला व दुसऱ्याने त्याची उपस्थिती सांभाळून घेतली, यास पुष्कळ ठिकाणी मैत्री समजतात. यात देणारा स्वतःचे काहीच देत नाही. देतो ते वर्गातील मुलांचे. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. आज मदत केलेला सहकारी उद्या केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी होईल व तपासणीच्या किंवा नेमणुकीच्या वेळी आपल्याकडे पाहील, अशा हिशोबाने केलेली मदत ही अनामत ठेव होय. ती फेडण्यासाठी त्या अधिकाऱ्यास तिसऱ्याचा न्याय्य हक्क डावलावा लागतो. जी फेड दुसऱ्या सहकाऱ्याच्या पदरातून काढून द्यावी लागते, तिने एकाचे ऋण फिटून दुसऱ्याचे वाढते. चांगल्या अधिकाऱ्याने जुन्या उपकाराची आठवण ठेवून नियमात सूट द्यावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. त्याने आपल्या अधिकारातील प्रत्येक नव्या शिक्षकास तशीच मदत करावी, एवढीच अपेक्षा योग्य.

शिक्षकाच्या नोकरीत खरी फेड कोठे व कशी होते, हे पाहू लागले म्हणजे ती अगदी साध्या ठिकाणी आढळते. शिकविण्याची रीत दुसऱ्यास समजावून सांगताना तिच्यातील कच्चे दुवे प्रथम सांगणाऱ्यासच दिसतात. हा लाभ रोखीचा, त्यास उधारी नाही. तक्ता उतरवून नेणारा शिक्षक त्यात काही सुधारणा करतो व वर्षाने तो तक्ता अधिक चांगला होऊन परत येतो. अलीकडच्या काळात फेडीची आणखी एक वाट उघडली आहे. ‘सरल’, ‘यू-डायस’ यांसारख्या संगणकीय नोंदी भरताना पंचवीस वर्षे उत्तम शिकविलेला वडीलधारा शिक्षक एकाएकी नवशिका होतो. ज्याने तरुण सोबत्यास पाड्यावरची बोली, बागलाण-मालेगावकडील असल्यास अहिराणीतील शब्द, गावची माणसे आणि बहुवर्ग अध्यापनाची घडी मनापासून सांगितलेली असते, त्याच्या शेजारी तो तरुण संध्याकाळी आपण होऊन बसतो. ज्याने नव्यास वर्षभर चाचपडू दिले, त्यास तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या दुकानात पैसे मोजून तेच काम करून घ्यावे लागते. शिक्षा म्हणून कोणी हे घडवून आणीत नाही.

जिल्हा मोठा असला तरी व्यवसायाचे वर्तुळ लहान असते. बदल्यांच्या ओघात इगतपुरीस भेटलेला माणूस कळवणास पुन्हा भेटतो. दीर्घ आजारात अर्ज कोणाच्या हाती पाठवावा, तीन तालुक्यांत बदल्या झालेल्या शिक्षकाच्या वर्गाविषयी खरी साक्ष कोण देईल, अशा वेळी उपयोगी पडतात ती जुन्या शाळांतील माणसे. वरिष्ठाचा शेरा एका दिवसाच्या भेटीवर लिहिलेला असतो. शेजारच्या वर्गात दहा वर्षे बसलेल्याचे मत दहा वर्षांचे असते, आणि गाव तसेच धरून चालतो.

फेडीस विलंब होऊ नये यासाठी कार्यरत शिक्षकांनी हाती घ्यावे असे एक काम प्रत्येक केंद्रात दरवर्षी असते, ते निवृत्तीचे. सेवापुस्तकात एखाद्या जुन्या शाळेतील रजेची वा वेतनवाढीची नोंद राहून गेलेली असते. ती कोणत्या वर्षी व कोणत्या आदेशाने व्हावयास हवी होती हे पाहण्यासाठी जुनी दप्तरे उघडावी लागतात, आणि अशी एक नोंद अडली म्हणजे निवृत्तिवेतनाचे प्रकरण महिनेन्‌महिने थांबते. निवृत्त शिक्षकाने त्यासाठी आपल्या जुन्या गावी एकट्याने खेटे घालावे, हे त्या शाळेत आज बसलेल्या शिक्षकास टाळता येते. निवृत्तीच्या वर्षभर आधी केंद्रातील दोघा-तिघांनी त्या सेवापुस्तकाची पाने त्या शिक्षकासमवेत वाचावी, राहिलेल्या नोंदींची यादी करावी व ज्या तालुक्यात ज्याची ओळख असेल त्याने ती नोंद शोधून द्यावी. पानांची संख्या थोडी असते. दोन दुपारींत हे वाचन पुरे होते.